शील्डेड कनेक्टरचं अर्थिंग पक्कं आणि जोडणी सोपी, दोन्ही एकाच डिझाइनमध्ये कसं बसवायचं?

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. छोट्या इलेक्ट्रिक मालवाहू गाडीत इन्व्हर्टरपासून (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा डबा) मोटरपर्यंत तीन फेज केबल जातात. प्रत्येक 35 चौरस मिमीची, आणि प्रत्येकीवर कलई केलेल्या तांब्याच्या बारीक तारांची स्वतंत्र जाळी, म्हणजे शील्ड. कनेक्टर प्लास्टिकचा. सध्या लाइनवर जाळी सोडवतात, पिळून साधारण 50 मिमीची शेपटी करतात, तिला रिंग लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) मारतात आणि तिन्ही लग एकाच एम 5 बोल्टखाली इन्व्हर्टरच्या केसिंगला कसतात. मीटरवर कंटिन्युइटी झकास येते, पण उत्सर्जनाच्या, म्हणजे गाडीतून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या चाचणीत एएम रेडिओचा पट्टा आणि 20 ते 40 मेगाहर्ट्झ या दोन्ही ठिकाणी आलेख मर्यादेच्या वर जातो. शिवाय तुटक्या तारा, ढिले लग आणि प्रत्येक नगाला लागणारा वेळ. वरून हुकूम असा की अर्थिंग सुधारा आणि वेळही कमी करा. तुम्ही लिहिलंय की या दोन मागण्या एकमेकींच्या उलट आहेत.

मला तसं वाटत नाही. जाळीचं टोक सगळ्या बाजूंनी, गोल धरायचं एकदा ठरवलं की सोडवणं, पिळणं, लग मारणं, बोल्ट कसणं ही कामं उरतच नाहीत. आणि ज्या कामात कामगाराच्या हाताला वळण लावावं लागतं, नेमकं तिथंच अर्थिंग नगानुसार बदलतं. तेव्हा एकाच ठिकाणी हात घालायचा आहे.

सुरुवात मीटरपासून करू, कारण घोळ तिथेच आहे. एआयएस-038 या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या भारतीय मानकात उघड्या धातूच्या भागांपासून चासीपर्यंतचा रोध 0.1 ओहमच्या आत हवा, तोही किमान 0.2 अँपिअर सोडून मोजलेला, अशी अट आहे. ती माणसाला शॉक बसू नये म्हणून आहे, आणि ती डीसीवर मोजतात. तुमची शेपटी ती अट सहज पाळते. पण उत्सर्जनाचा प्रश्न डीसीचा नाही. सुट्या तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरतात. 50 मिमीच्या शेपटीचं झालं 50 नॅनोहेन्री. 1 मेगाहर्ट्झला ही शेपटी 0.3 ओहमची होते, 10 मेगाहर्ट्झला 3 ओहमची, 30 ला साडेनऊच्या आसपास. मीटर जिथे 2 मिलिओहम दाखवतो तिथे इन्व्हर्टरच्या गोंगाटाला 3 ओहम दिसतात. जाळीतून 10 मेगाहर्ट्झचा नुसता 100 मिलिअँपिअर प्रवाह आला तरी शेपटीच्या दोन टोकांत 0.3 व्होल्ट उभा राहतो. डेसिबलमध्ये ते 110 डीबी-मायक्रोव्होल्ट, आणि सीआयएसपीआर 25 या गाड्यांच्या उत्सर्जनाच्या मानकातल्या मर्यादा यापेक्षा कितीतरी खाली असतात. हा व्होल्टेज जाळीला चासीच्या तुलनेत वर उचलतो, आणि मग अख्खी केबलच अँटेना होते. जाळी कितीही दाट घ्या, 85 टक्क्यांऐवजी 95 टक्के झाकणारी घ्या, शेवटच्या 50 मिमीत सगळं वाहून जातं.

इथे एक आडवाट. इन्व्हर्टर बदलून सिलिकॉन कार्बाइडच्या वेगवान स्विचचा आणल्यापासून त्रास वाढला, असं तुम्ही लिहिलंय. ते बरोबर आहे. स्विचिंगची कड 20 नॅनोसेकंदांची असेल तर तिच्यातली ऊर्जा 16 मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत चांगली जोरात असते, त्यानंतर ती झपाट्याने उतरते. जुन्या आयजीबीटी स्विचच्या संथ कडेला ही शेपटी खपून जात होती. म्हणजे कनेक्टर बिघडलेला नाही, त्याच्यावर आलेलं काम बदललं.

प्रवाहाची वाट डोळ्यांसमोर असू द्या. मोटरच्या वाइंडिंगमधून स्टेटरच्या लोखंडात, म्हणजे मोटरच्या बॉडीत, कपॅसिटन्समधून गोंगाटाचा प्रवाह उतरतो. त्याला परत इन्व्हर्टरकडे जायचं असतं. सोपी वाट जाळीची, कारण ती गाभ्याला चारी बाजूंनी वेढून आहे आणि जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र मारतात. जाळीच्या कुठल्याही टोकाला अडथळा आला की हा प्रवाह चासीतून घरी जातो, आणि वाटेत रेडिओच्या अँटेनाच्या केबलला भेटतो. म्हणूनच जाळी दोन्ही टोकांना जोडायची. 'एकाच टोकाला अर्थ करा, नाहीतर ग्राउंड लूप होतो' हा सल्ला कमी फ्रिक्वेन्सीच्या अ‍ॅनालॉग सेन्सरसाठी ठीक आहे. फेज केबलला तो लावलात तर जाळी असून नसल्यासारखी.

दोन्ही टोकांना जोडण्याची किंमत मात्र आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. प्रत्येक फेजला स्वतंत्र जाळी असली की फेजचा प्रवाह जाळीत ट्रान्सफॉर्मरसारखा प्रवाह उठवतो. फेजमध्ये 200 अँपिअर आणि मोटर वेगात असेल तर जाळीत दहा-वीस अँपिअर सहज फिरतात. म्हणजे जाळीचा जोड हा निव्वळ सिग्नलचा जोड राहत नाही, तो पॉवरचा जोड होतो. 20 अँपिअरला 10 मिलिओहमचा जोड 4 वॉट उष्णता सोडतो, बंद प्लास्टिकच्या डब्यात. तुमच्याकडे लग काळे पडलेले सापडतात त्याचं कारण बहुधा हेच. तिन्ही गाभे एकाच बाहेरच्या जाळीत घेतले तर तीन फेजचे प्रवाह एकमेकांना छाटतात आणि हा ताप बराच कमी होतो. पण 35 चौरस मिमीचे तीन गाभे एकत्र म्हणजे केबल वळवताना कामगार वैतागणार. छोट्या गाडीच्या अरुंद जागेत मी स्वतंत्र केबलच ठेवेन आणि जोड नीट करेन.

आता मुख्य काम: जाळी धरायची कशी. दोन प्रकार आहेत. एकात धातूची आतली नळी जाळीखाली, गाभ्याच्या इन्सुलेशनवर सरकवतात आणि वरून बाहेरची फेरूल (धातूचं कडं) क्रिंप करतात, म्हणजे दाबून आवळतात. दुसऱ्यात आतली नळी बाहेरच्या आवरणावर बसवतात, जाळी तिच्यावर उलटी दुमडतात आणि मग फेरूल क्रिंप करतात. मी तुमच्या जागी दुसरा प्रकार घेईन. जाळी केबलवर घट्ट बसलेली असते, तिच्याखाली नळी सरकवायला ती फुगवावी लागते आणि त्यात तारा विस्कटतात. उलटी दुमडताना तो त्रास नाही. नळीला आवरणाच्या कापलेल्या कडेचा आधार मिळतो, त्यामुळे ती कुठे बसणार हे कामगाराने मोजावं लागत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कापलेल्या तारांची टोकं मागे, उच्च व्होल्टेजच्या टर्मिनलपासून लांब वळतात. 0.2 मिमीची एक सुटी तार टर्मिनलकडे उभी राहिली तरी इन्सुलेशनची चाचणी नापास होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आज पास होते आणि सहा महिन्यांनी ओलसर दिवशी फाटते. तोटा एवढाच की व्यास थोडा वाढतो.

आतली नळी का हवी हे विचारणारा एकतरी माणूस प्रत्येक आढावा बैठकीत असतो. एक सुटा भाग कमी होईल, किंमत वाचेल, हा त्याचा मुद्दा. नळी काढून फेरूल सरळ आवरणावर दाबली तर पहिल्या दिवशी सगळं उत्तम दिसतं. पण केबलचं प्लास्टिक किंवा सिलिकॉन सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, उष्णतेत जास्तच. इंजिनाशेजारी नसली तरी इन्व्हर्टरच्या तोंडाशी केबल चांगली तापते. काही शे तापचक्रांनंतर फेरूल हाताने फिरते. नळी असली की दाब धातू विरुद्ध धातू असा अडकतो आणि मधल्या तारांना सरकायला जागा नसते. नळीची भिंत क्रिंपखाली चेपणार नाही इतकी जाड हवी, पुढची कड, जिच्यावरून जाळी दुमडते, गोल केलेली हवी. नळीवर बारीक नर्लिंग (पकडीसाठी पाडलेले खाचे) चालेल, पण धारदार नको. धारदार नर्लिंग 0.2 मिमीच्या तारा करवतीसारख्या कापतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

केबलमध्ये जाळीखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असेल तर एक गोष्ट तपासा. ती बहुधा एका बाजूने प्लास्टिकची असते. दुमडताना फॉइल जाळीबरोबर उलटली आणि प्लास्टिकची बाजू जाळी आणि नळीच्या मध्ये आली की जोडात इन्सुलेशनचा थर बसला. फॉइल आवरणाच्या कडेशी सफाईने कापायची आणि ड्रॉइंगवर तसं लिहायचं.

क्रिंप षटकोनी डायने होतो, ठीक आहे. पण त्यानंतर मी अनेक डिझाइनमध्ये एक विचित्र गोष्ट पाहतो: कनेक्टरच्या आतून जाळीचा जोड धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाकळ्या त्याच षटकोनी भागावर टेकवलेल्या. षटकोनाच्या सपाट बाजूवर पाकळी कमी वाकते, कोपऱ्यावर जास्त, आणि डायच्या दोन भागांच्या फटीत निघालेल्या कानावर ती चढून बसते. याला उपाय सोपा आहे. बाहेरच्या फेरूललाच पुढे एक गोल, न दाबलेली पट्टी ठेवा, 6-7 मिमी रुंद. क्रिंप मागे, संपर्क पुढे. दोन कामं दोन वेगळ्या जागी. ही पट्टी रुंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, त्याकडे परत येतो.

क्रिंप बरोबर झाला का, हे नुसतं ओढून कळत नाही. नमुना रेझिनमध्ये बसवून आडवा कापा, घासून चकचकीत करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तारा किंचित चेपलेल्या, एकमेकींना आणि दोन्ही भिंतींना चिकटलेल्या दिसायला हव्यात. गोल तारा आणि मध्ये काळ्या पोकळ्या दिसल्या तर दाब कमी. तारा रिबिनीसारख्या सपाट झाल्या तर जास्त. दाबाची उंची ठरवताना या दोन्ही टोकांचे नमुने मुद्दाम बनवा, म्हणजे पुढे तपासनीसाला कशाशी तुलना करायची ते कळेल.

इथपर्यंत जाळी फेरूलमध्ये आली. फेरूलपासून केसिंगपर्यंतचा प्रवास उरला, आणि बहुतेक बिघाड या टप्प्यात होतात कारण इथे सुटे होणारे भाग असतात.

तुम्ही विचारलंत की पूर्ण धातूचा कनेक्टर घ्यावा की प्लास्टिकच्या आत धातूचा डबा. या वापरासाठी प्लास्टिकच्या आत, ओढून बनवलेला पितळी किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा, निकेलवर कलई केलेला डबा. वजन कमी, बाहेर गंजायला धातू नाही, आणि डब्याला बिनजोड गोल पृष्ठभाग मिळतो. पूर्ण डाय-कास्ट कनेक्टर दगड लागणाऱ्या जागी, चासीच्या खाली, ठीक आहे.

या डब्याच्या आत पाकळ्यांची कडी बसते आणि ती केबलच्या फेरूलवरच्या गोल पट्टीला धरते. पाकळ्यांचं डिझाइन करताना लोक साहित्यावर तासभर बोलतात आणि टॉलरन्सवर, म्हणजे मापांत चालणाऱ्या फरकावर, पाच मिनिटं. उलट हवं. आकडे घेऊन बघू. फेरूलच्या पट्टीचा व्यास ±0.05 मिमी, डब्याचा आतला व्यास ±0.1, आणि केबल कनेक्टरमध्ये मध्यापासून 0.2 पर्यंत सरकू शकते. त्रिज्येवर याची बेरीज 0.025 अधिक 0.05 अधिक 0.2, म्हणजे 0.275 मिमी. पाकळीचा नेमलेला वाकव 0.3 ठेवलात तर सर्वांत वाईट नगात एका बाजूला 0.025 उरतो, म्हणजे पाकळी नुसती टेकलेली, दाब शून्य. वाकव 0.6 ठेवा, मग तो 0.325 ते 0.875 मध्ये फिरेल. फॉस्फर ब्राँझची पाकळी 0.25 मिमी जाड, 3 रुंद आणि 8 लांब घेतली तर 0.6 वाकवला साधारण दीड न्यूटन मिळतो, सर्वांत कमी वाकवला 0.85, आणि सर्वांत जास्त वाकवला मुळाशी ताण 600 मेगापास्कलच्या जवळ जातो. स्प्रिंग टेम्परच्या पत्र्याला हे झेपतं, पण फार मोकळीक नाही. हीच पाकळी जागा वाचवायला 5 मिमीची केलीत तर ताण अडीच पट होतो, पहिल्याच जोडणीत ती कायमची वाकते आणि नंतर कधीच नीट टेकत नाही. लांबीचा वर्ग होतो इथे, म्हणून 3 मिमी वाचवायचा मोह आवरा.

दहा पाकळ्या आणि प्रत्येकी दीड न्यूटन धरला तर घर्षणासह जोडताना लागणारा जोर जेमतेम 5 न्यूटनच्या आसपास. हे मुद्दाम सांगतो कारण 'शील्डची स्प्रिंग घातली की कनेक्टर लागत नाही' ही तक्रार हमखास येते. जोर खातं ते रबरी सील. सीलला सिलिकॉन तेलाचा हात आणि तोंडाशी 15 अंशांचा उतार द्या, स्प्रिंगला दोष देऊ नका.

पाकळ्या किती, याला नेम नाही, पण गोलभर सारख्या अंतरावर हव्यात. दोन समोरासमोर आणि बाकी गोल मोकळा, असं नको. प्रवाह त्या दोन वाटांत गोळा होतो आणि गोल जोडाचा फायदा निम्मा जातो. आठच्या वर असल्या की बरं.

साहित्याचं थोडक्यात. जोडाचं तापमान 100 अंशांच्या खाली राहत असेल तर फॉस्फर ब्राँझ पुरतं. त्याच्या वर ते हळूहळू सैल पडतं, दाब गमावतं. तिथे तांबे-निकेल-सिलिकॉनचा मिश्रधातू किंवा बेरिलियम कॉपर. बेरिलियम कॉपर उत्तम पण महाग, आणि या कामाला ते दर वेळी लागत नाही. स्टेनलेसच्या पाकळ्या स्वस्त आणि टणक असतात, पण स्टेनलेसचा रोध तांब्याच्या चाळीसएक पट. जाळीत वीस अँपिअर फिरत असताना ते नको. तिरप्या वेटोळ्यांची गोल स्प्रिंग मिळते, तिचे संपर्कबिंदू खूप आणि तिला केबलचं डुगडुगणं सहन होतं. बजेट असेल तर घ्या.

मुलाम्याबाबत एकच धोका ठळक आहे. कलई विरुद्ध कलई हा जोड कंपनात घासला की भुकटीसारखा ऑक्साइड साठतो आणि रोध चढतो, अगदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या हालचालीनेही. म्हणून केबल कनेक्टरच्या मागे पक्की धरा. जाळीचा क्रिंप हा केबलचा ताण घेण्यासाठी नाही. मागच्या टोपणातली पकड ते काम करेल. केबल हलली नाही तर पाकळी घासणार नाही.

आता डबा ते इन्व्हर्टरचं केसिंग. केसिंग अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टचं, वर पावडर कोटिंग. तुमच्या फोटोत बोल्टखाली कोटिंग स्पष्ट दिसतंय. संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांतून होतोय. कनेक्टर बसायच्या भोकाभोवती मशीन केलेली, रंग नसलेली गोल पट्टी हवी आणि कोटिंगच्या वेळी ती झाकायची हे ड्रॉइंगवर हवं. तोंडी सांगितलेलं मास्किंग पुरवठादार बदलला की विसरलं जातं. अ‍ॅनोडायझिंग तर अजिबात नको, ते इन्सुलेटर आहे. उघडं अ‍ॅल्युमिनियम काळजीचं वाटत असेल तर पातळ त्रिसंयोजी क्रोमेटचा थर द्या, तो वीज जाऊ देतो.

डब्याला बाहेरच्या बाजूनेही पाकळ्या द्या, ज्या या मशीन केलेल्या पट्टीवर दाबल्या जातील. चार बोल्टवर सगळं अर्थिंग सोपवू नका, ते पुन्हा चार शेपट्याच झाल्या. आणि ओ-रिंग नेहमी या संपर्काच्या बाहेरच्या बाजूला. धातूचा संपर्क कोरड्या बाजूला राहिला पाहिजे, कारण कलई आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये मिठाचं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. ही चूक मी इतक्या वेळा पाहतो की ड्रॉइंग उघडल्यावर पहिली नजर तिथेच जाते. केबलच्या बाजूलाही तोच नियम: मागचं सील आवरणावर बसेल, म्हणजे जाळीचा जोड सीलच्या आत. जाळी उघडी राहिली आणि पाणी शिरलं तर ती वातीसारखं पाणी ओढून मोटरपर्यंत पोचवते.

जोडण्याचा क्रमही डिझाइनमध्येच हवा. आधी शील्ड लागावी, मग पॉवरचे पिन, सगळ्यांत शेवटी इंटरलॉकची तार (कनेक्टर लागलाय की नाही हे इन्व्हर्टरला सांगणारी). काढताना उलट: इंटरलॉक आधी तुटतो, इन्व्हर्टरला कळतं, मग पॉवर, शेवटी शील्ड. पाकळ्या तोंडाच्या पुरेशा जवळ ठेवल्या की हे आपोआप होतं, पण टॉलरन्सच्या दोन्ही टोकांना तपासून घ्या.

जोडणीकडे वळतो. कामगाराला विचारलंत तर तो सांगेल की सर्वांत जास्त नग परत येतात ते 'आधी घालायचं राहिलं' म्हणून. मागचं टोपण, सील आणि बाहेरची फेरूल, या तीन वस्तू क्रिंपच्या आधी केबलवर ओवायच्या असतात. फेरूल राहिली तर लगेच कळतं. सील राहिलं तर टर्मिनल क्रिंप झाल्यावर कळतं आणि अख्खं टोक कापून टाकावं लागतं. यावर सूचनाफलक लावून काही होत नाही. टोपण आणि सील एकाच तुकड्यात आधीच बसवून आणा, म्हणजे ओवायच्या वस्तू दोनच. फेरूल क्रिंप करणाऱ्या प्रेसच्या साच्यात टोपणासाठी खाच ठेवा आणि तिथे साधा सेन्सर. टोपण खाचेत नसेल तर प्रेस खाली येणारच नाही. शक्य असेल तर मागचं टोपण दोन अर्धांत उघडणारं करा, म्हणजे ते नंतरही लावता येतं.

सोलण्याची सगळी मापं एकाच जागेपासून द्या. तुमच्या कामाच्या पत्रकावर एक माप केबलच्या टोकापासून आहे, दुसरं जाळीच्या कडेपासून, तिसरं इन्सुलेशनच्या कडेपासून. प्रत्येक मापाची चूक पुढच्यात मिसळते. आवरणाच्या कडेपासून सगळं मोजा. नळी त्याच कडेवर बसते. क्रमही तसाच: आवरण सोला, नळी बसवा, जाळी दुमडा, फेरूल दाबा, आणि मग फेरूल साच्यात टेकवून इन्सुलेशन कापा आणि टर्मिनल क्रिंप करा. आता फेरूल ते टर्मिनलचं टोक हे अंतर साचा ठरवतो, माणूस नाही.

आणि इथे ती रुंद गोल पट्टी कामाला येते. पाकळी बाजूने टेकते, त्यामुळे केबल दोन मिमी पुढे-मागे बसली तरी पट्टी 6-7 मिमीची असल्याने संपर्क तसाच राहतो. तोंडाला तोंड लावून टेकणारा संपर्क केलात तर अर्ध्या मिमीची चूकही पुरते. जोडणीत ढिलाई हवी असेल तर ती लांबीच्या दिशेने द्या, व्यासाच्या दिशेने नको.

जाळी कापायला ब्लेड बंद करा. हातातलं ब्लेड गोल फिरवताना खालच्या इन्सुलेशनला चरा पाडतं आणि तो चरा पुढे व्होल्टेजखाली वाढतो. जाळी पुढे ढकलून उभी करणारं आणि फिरत्या कडेने कापणारं छोटं यंत्र घ्या. तीन फेज गुणिले दोन टोकं म्हणजे गाडीमागे सहा टोकं, ते यंत्र लवकर पैसे फेडतं.

बदल कामाचा आहे का, हे उत्सर्जन-चाचणीच्या चेंबरचा वेळ घेण्याआधी टेबलावर तपासा. सध्याच्या हार्नेसवरच (तयार केबलच्या जुडग्यावर) शेपटी सोडवा, जाळी केसिंगच्या रंग काढलेल्या पट्टीवर गोल पसरा आणि तांब्याच्या चिकट पट्टीने व होज क्लिपने घट्ट आवळा. ओबडधोबड दिसेल, गाडीवर चालणार नाही, पण करंट प्रोबने अख्ख्या केबलभोवतीचा प्रवाह आधी आणि नंतर मोजलात तर फरक डोळ्यांना दिसेल. 20 ते 40 मेगाहर्ट्झचा डोंगर बसला आणि एएमचा तसाच राहिला, तर एएमचं कारण दुसरीकडे आहे, बहुधा इन्व्हर्टरच्या डीसी बाजूच्या फिल्टरमध्ये. मग कनेक्टरवर आणखी पैसे घालू नका. असं उत्तर हातात घेऊन मग एआरएआयसारख्या, गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेत जा.

नव्या कनेक्टरचा रोध चार तारांच्या मिलिओहम मीटरने, जाळीपासून केसिंगपर्यंत, किमान 1 अँपिअरवर मोजा. नवा नग 5 मिलिओहमच्या आत यावा, हा माझा धरलेला अंदाज. त्याहून जास्त लक्ष ताप, कंपन आणि खारे फवारे झाल्यानंतर तो किती चढला याकडे द्या. 2 चा 4 झाला तर चालेल. 4 चा 12 झाला तर आकडा 0.1 ओहमच्या मर्यादेत असूनही कुठेतरी पाकळी सैल पडली आहे. केबल हलवत मोजा. काटा नाचला तर नग बाजूला. ट्रान्सफर इम्पिडन्सची (जाळीतल्या प्रवाहामुळे आत किती व्होल्टेज उठतो याची) खरी चाचणी आयईसी 62153-4-7 ची, नळीत नळी पद्धतीची. ती डिझाइन गोठवण्याआधी एकदा बाहेरून करून घ्या, रोजच्या तपासणीला तिची गरज नाही.

केबलचा दुसरा पुरवठादार जोडणार असाल तर आधी त्याच्या केबलचा बाहेरचा व्यास आणि जाळीच्या तारेची जाडी मागवा. चौरस मिमी तेच असूनही आवरण अर्धा मिमी जाड असू शकतं, आणि मग आतली नळी बसत नाही किंवा सैल फिरते. क्रिंपची उंची दर केबलसाठी वेगळी ठरवावी लागते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, गोदामात पडलेल्या जुन्या हार्नेसचं काय. नवा कनेक्टर येईपर्यंत इन्व्हर्टरच्या झाकणाच्या आत, केबल शिरते तिथेच, प्रत्येक केबलचं आवरण 15 मिमी सोलून जाळी उघडी करा आणि केसिंगला बसवलेल्या धातूच्या सॅडलखाली दाबा, सॅडलखालचा रंग खरवडून. प्रत्येक केबलला स्वतंत्र सॅडल, तिघांना मिळून एक नाही. जागा असेल तर शील्डला गोलभर पकडणारा ईएमसी ग्लँड (केबल शिरते तिथला धातूचा नट) याहून बरा. जुनी शेपटी तशीच राहू द्या. शॉकची अट तिच्यावर पास झालेली आहे. सॅडल कसताना टॉर्क पाना वापरा, कारण उघड्या जाळीखाली मऊ इन्सुलेशन आहे आणि जोर जास्त झाला तर ते चेपून गाभ्याभोवती पातळ होईल.